उत्तरेचा उजेड, कुलाब्याची वही

निफाडच्या पट्ट्यात जानेवारीतल्या एखाद्या पहाटे पारा तीन-चार अंशांवर येतो, तेव्हा द्राक्षबागायतदार घरात झोपत नाही. बांधाबांधावर शेकोट्या पेटतात. धूर ओळींमधून जमिनीलगत रेंगाळावा म्हणून त्यांच्यावर ओला पालापाचोळा टाकला जातो, विहिरीचे त्यातल्या त्यात कोमट पाणी ठिबकमधून सोडले जाते. मण्यांना तडे गेले की वर्षाची मेहनत गेली. अशा रात्री माणसाला वर बघायला भरपूर वेळ असतो. आकाश बहुधा काचेसारखे स्वच्छ असते. पण एखाद्या रात्री त्यावर पांढुरका पदर चढतो आणि चंद्राभोवती मोठे, रेखीव कडे उमटते. शेजारच्या बागेतून हाक येते, "खळं पडलंय बघा."

या कड्याला मराठीने दिलेले नाव शेतातलेच आहे. धान्य मळायचे गोल, सारवलेले अंगण म्हणजे खळे. मधोमध रोवलेली मेढ आणि तिच्याभोवती फिरणारे बैल. आकाशातल्या खळ्यात मेढीच्या जागी चंद्र असतो. हात लांब करून पंजा ताणला, तर अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत जेवढे अंतर भरते, जवळपास तेवढी त्या खळ्याची त्रिज्या. नेमके सांगायचे तर २२ अंश. ती कधी बदलत नाही, कारण ती बर्फाच्या स्फटिकाने ठरवलेली असते. सहा-सात किलोमीटरहून उंच असलेल्या विरळ ढगात षट्कोनी बर्फकण तरंगत असतात. चंद्राचा प्रकाश त्यांच्या एका बाजूने आत शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडताना कमीत कमी २२ अंशांनी वळतो. निफाडचा शेतकरी खळे पाहतो, तेव्हा तो डोक्यावर पसरलेला बर्फच पाहत असतो.

हा बर्फ बहुधा उत्तर-पश्चिमेकडून येतो. भूमध्य समुद्राकडून इराण-अफगाणिस्तानमार्गे निघालेले पश्चिमी झंझावात हिवाळ्यात काश्मीर-हिमाचलवर हिमवर्षाव करतात आणि त्यांच्या उंच ढगांची झालर अधूनमधून उत्तर महाराष्ट्रावर येते. झंझावात पुढे सरकला की त्याच्या पाठीमागून गार वारे खाली उतरतात. खळे पडले की हवा बदलणार, हा जुना ठोकताळा म्हणूनच बऱ्याचदा खरा ठरतो. नाशिकचा हिवाळा हा उत्तरेच्या हिवाळ्याचा शेवटचा फाटा आहे. तिकडून थंडी येते, ढग येतात, बर्फकण येतात. आणि क्वचित, अगदी क्वचित, तिकडून उजेडही येतो.

तो एकदा आल्याची नोंद मुंबईच्या वर्तमानपत्रात आहे. ४ फेब्रुवारी १८७२, रविवार. पौषाचा वद्य पक्ष चालू होता, अमावास्या चार-पाच दिवसांवर आली होती, म्हणजे चंद्र उगवायला निम्मी रात्र उलटून जायची. शहरात विजेचे दिवे यायचे होते. दोनच महिन्यांपूर्वी, १२ डिसेंबर १८७१ रोजी, दक्षिण भारताने खग्रास सूर्यग्रहण पाहिले होते आणि ते टिपायला फ्रान्सचे खगोलज्ञ जान्सेन निलगिरीत येऊन गेले होते. आकाशाच्या गोष्टी लोकांच्या बोलण्यात ताज्या होत्या. त्या रविवारी सूर्यास्तानंतर मुंबईच्या आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसला आणि पहाटेपर्यंत राहिला, असे मंगळवारच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'ने छापले. त्याच बातमीत आणखी एक गोष्ट होती: समुद्राखालच्या तारेवर आणि सरकारी तारायंत्रांवर त्याचा परिणाम जाणवला. मुंबई-एडन केबल टाकून तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. ज्या तारेतून माणसांनी पाठवलेले संदेश जायचे, तिच्यात आता पृथ्वीच स्वतःचे प्रवाह सोडू लागली होती.

ही केवळ मुंबईकरांची नजरबंदी नव्हती. त्याच रात्री सुदानमधल्या खार्टूमला तो दिसला. शांघायमध्ये तर तो डोक्यापर्यंत चढल्याचे वर्णन आहे. २०२३ मध्ये नागोया विद्यापीठाचे हिसाशी हायाकावा आणि त्यांच्या आंतरराष्ट्रीय गटाने जगभरच्या जुन्या नोंदी एकत्र मांडल्या. १८७२ चे ते वादळ ज्ञात इतिहासातल्या सर्वांत मोठ्या चुंबकीय वादळांपैकी एक ठरले. मुंबईचा चुंबकीय अक्षांश जेमतेम १० अंश. इतक्या खाली ध्रुवीय प्रकाश दिसल्याची विश्वासार्ह उदाहरणे बोटांवर मोजण्याएवढीच आहेत.

तो दिसला, पण ओळखला किती जणांनी असेल? उत्तरेच्या क्षितिजावर लाल झाक दिसली की नाशिक जिल्ह्यातल्या माणसाच्या मनात पहिला शब्द येतो तो वणवा. फेब्रुवारीत पेठ-सुरगाण्याच्या डोंगरांत गवत वाळून कोळ झालेले असते, राब भाजायला सुरुवात होते, आणि रात्री डोंगरकडा तांबूस दिसणे हे तिथे दरवर्षीचेच. जगानेही हाच घोटाळा पुन्हापुन्हा केला आहे. रोमन सम्राट टायबेरियसच्या काळात आकाश लाल झालेले पाहून ऑस्टिया बंदर पेटले अशा समजुतीने सैनिकांच्या तुकड्या मदतीला धावल्या, असे सेनेकाने लिहून ठेवले आहे. २५ जानेवारी १९३८ च्या रात्री लंडनच्या परिसरात अनेकांना वाटले की विंडसरचा राजवाडा जळतो आहे. लाल ध्रुवीय प्रकाश आगीसारखा दिसतो, कारण तो दुरून दिसत असतो आणि दुरून त्याचा फक्त वरचा मजला दिसतो.

हा 'वरचा मजला' समजून घेतला की बाकीचे कोडे सुटायला लागते. सूर्यावरच्या मोठ्या उद्रेकात अब्जावधी टन विद्युतभारित वायू चुंबकीय क्षेत्रासह बाहेर फेकला जातो. तो पृथ्वीपर्यंत यायला साधारण दोन-तीन दिवस घेतो, फार घाईत असेल तर एका दिवसाच्या आत येतो. पृथ्वीभोवतीचे चुंबकीय कवच त्याला अडवते. पण त्या वाऱ्याच्या चुंबकत्वाची दिशा दक्षिणेकडे वळलेली असेल, तर कवचाचे दार उघडते. ऊर्जा पृथ्वीच्या मागे, रात्रीच्या बाजूला ताणलेल्या शेपटीत साठते आणि तिथून इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांवरून ध्रुवांच्या बाजूला खाली कोसळतात. वाटेत त्यांची गाठ ऑक्सिजन आणि नायट्रोजनशी पडते. धक्का बसलेला ऑक्सिजनचा अणू ती ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने परत करतो. शंभर ते दीडशे किलोमीटरवर तो हिरवा दिसतो, दोनशेच्या वर लाल.

एकाच अणूचे दोन रंग कसे? उत्तर सबुरीत आहे. हिरवा प्रकाश सोडायला ऑक्सिजनला एका सेकंदाहूनही कमी वेळ पुरतो. लाल प्रकाश सोडायला जवळजवळ दोन मिनिटे लागतात. खालच्या दाट हवेत त्याला दोन मिनिटे कोणी स्वस्थ बसू देत नाही, शेजारचा रेणू येऊन आदळतो आणि ऊर्जा काढून घेतो. दोनशे-चारशे किलोमीटरवर मात्र हवा इतकी विरळ असते की अणूला एकांत मिळतो. म्हणून लाल पट्टा नेहमी वर, हिरवा खाली, आणि त्याच्याही खाली कधीकधी नायट्रोजनची गुलाबी किनार.

आता नाशिकच्या गच्चीवर उभे राहून हिशेब करू. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे ४०० किलोमीटर उंचीवरचा प्रकाश जमिनीवरून जास्तीत जास्त सुमारे २२५० किलोमीटर अंतरावरून दिसू शकतो. तोही क्षितिजाला टेकलेला. नाशिकपासून सरळ उत्तरेला एवढे अंतर कापले तर किर्गिझस्तानातल्या ओश शहराच्या आसपास पोहोचता येते. थोडक्यात, ओशच्या डोक्यावर लाल प्रकाश चढला, तर त्याची वरची कड नाशिकच्या क्षितिजावर डोकावणार. १०० किलोमीटरवरचा हिरवा पडदा मात्र अकराशे-बाराशे किलोमीटरच्या पलीकडून दिसणारच नाही. नॉर्वेतल्या ट्रॉम्सोच्या छायाचित्रात दिसतो तो हिरवा फडफडता पडदा महाराष्ट्राच्या नशिबात नाही. आला तर लाल पट्टाच येणार.

त्यात भारताची आणखी एक अडचण आहे. ध्रुवीय प्रकाशाचे वलय भौगोलिक ध्रुवाभोवती नसते, चुंबकीय ध्रुवाभोवती असते, आणि चुंबकीय अक्ष उत्तर अमेरिकेच्या बाजूला कललेला आहे. न्यूयॉर्क साधारण ४१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, पण चुंबकीय हिशेबात ते पन्नाशीत जाते. लडाखमधले हानले साधारण ३३ अंशांवर, पण चुंबकीय हिशेबात पंचवीसच्या आतबाहेर. अमेरिकेला जी सवलत मिळते, तिची भरपाई आशियाने करायची. म्हणूनच काश्मीरच्या अक्षांशावर बर्फ आहे, अंधार आहे, पण ध्रुवीय प्रकाशाची परंपरा नाही.

इथपर्यंत आलेल्या वाचकाला वाटेल की हा सगळा प्रकार म्हणजे दुसऱ्याच्या घरच्या दिवाळीचे वर्णन. पण याच कथेची सर्वांत मोलाची पाने मराठी किनाऱ्यावर लिहिली गेली आहेत.

मुंबईत कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी १८४१ पासून सुरू झाली. पद्धत साधी, पण जीव खाणारी. दोऱ्याला टांगलेले चुंबक अगदी किंचित हलते, त्यावरचा आरसा त्या हालचालीला मोठे करतो, आणि निरीक्षक दुर्बिणीतून मोजपट्टीवरचा आकडा वाचून वहीत लिहितो. दर तासाला, दिवसरात्र. १ सप्टेंबर १८५९ रोजी सकाळी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरच्या डागांचे चित्र काढत असताना त्यांना डागांवर पांढऱ्या प्रकाशाचे दोन ठिपके लखलखताना दिसले. साडेसतरा तासांच्या आसपास वेळ गेला आणि पृथ्वीवर वादळ आदळले. अमेरिकेत तारमास्तरांनी बॅटऱ्या काढून ठेवल्या आणि नुसत्या आकाशातल्या विजेवर संदेश पाठवले. भारतात तेव्हा २ सप्टेंबरचा दिवस चांगला वर आलेला होता. आकाशात पाहण्यासारखे काहीच नव्हते. पण कुलाब्याच्या खोलीत चुंबक घसरू लागले होते.

तिथला निरीक्षक तासाची वाट पाहत बसला नाही, काही मिनिटांच्या अंतराने आकडे टिपत गेला. पृथ्वीचे आडवे चुंबकीय क्षेत्र मुंबईत सुमारे ३७-३८ हजार नॅनोटेस्ला असते. त्या सकाळी ते थोड्याच वेळात सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली आले. मार्च १९८९ च्या ज्या वादळाने कॅनडातल्या क्विबेक प्रांतातल्या साठ लाख लोकांना नऊ तास अंधारात ठेवले, त्याचा निर्देशांक ५८९ होता. मे २०२४ च्या गाजलेल्या वादळाचा ४०० च्या घरात. हे निर्देशांक जगातल्या चार वेधशाळांच्या तासाच्या सरासरीवरून काढतात, कुलाब्याचा आकडा एका ठिकाणचा आणि क्षणाचा. त्यामुळे सरळ तुलना करता येत नाही, आणि तासाची सरासरी धरली तर तो बराच खाली येतो. त्यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे. पण वाद घालायलाही आकडा लागतो, आणि तो कुलाब्याच्या वहीत आहे. २००३ मध्ये अमेरिकेचे ब्रूस त्सुरुतानी, ब्राझीलचे वॉल्टर गोन्झालेझ आणि मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले गुरबक्षसिंग लखिना आणि शोभना अ‍ॅलेक्स यांनी ती वही पुन्हा उघडली, तेव्हा 'कॅरिंग्टन वादळ' किती मोठे होते, हे पहिल्यांदा आकड्यांत मांडता आले.

युरोपात इतक्या वेधशाळा असताना कुलाबाच का? कारण ध्रुवाच्या जवळचे यंत्र अशा वेळी वेडेपिसे होते. डोक्यावरच्या प्रकाशपट्ट्यातून लाखो अँपिअरचे प्रवाह वाहत असतात, त्यांच्या धक्क्याने सुई कधी इकडे तर कधी तिकडे फेकली जाते. १८५९ मध्ये अनेक ठिकाणी ती मोजपट्टीबाहेरच गेली. विषुववृत्ताकडच्या भागात मात्र मुख्य परिणाम होतो तो पृथ्वीभोवती हजारो किलोमीटरवर तयार होणाऱ्या वलयाकार प्रवाहाचा. वादळाची खरी ताकद त्या वलयात मोजली जाते. सणाच्या गर्दीत घुसलेल्याला ढोल ऐकू येतो. मिरवणूक किती लांब आहे, हे गच्चीवरून बघणाऱ्याला कळते. मुंबईला ती गच्ची मिळाली होती.

ती गच्ची हातची जायची वेळ विसाव्या शतकाच्या तोंडावर आली. मुंबईत विजेवर चालणारी ट्राम येणार होती. ट्रामच्या रुळांतून वाहणाऱ्या प्रवाहाने नाजूक चुंबकांची नोंद बिघडली असती. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांनी त्यावर तोडगा काढला: मोजणीच समुद्रापलीकडे न्यायची. जागा ठरली अलिबाग. योगायोग असा की मुंबईच्या कुलाब्यातून उठलेली ही वेधशाळा जिथे गेली, ते गाव तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचेच मुख्य ठाणे. १९०४ मध्ये तिथे काम सुरू झाले. इमारतीसाठी पोरबंदरचा दगड आणला, कारण कोकणातला काळा पाषाण स्वतःच थोडासा चुंबक असतो. दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी झाली, म्हणजे जुन्या वहीचा धागा नव्या वहीला नीट जोडला जावा. मगच कुलाब्याची सुई थांबली. १९०७ मध्ये ट्राम धावू लागली. पुढे १९१० मध्ये मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी छापून काढल्या. आज ही परंपरा नवीन पनवेलला मुख्यालय असलेली भारतीय भूचुंबकत्व संस्था चालवते. सुट्टीत अलिबागच्या समुद्रावर जाणारी कुटुंबे किनाऱ्याजवळच्या या आवारावरून पुढे जातात; कुलाबा किल्ल्याकडे जायला ओहोटी कधी लागेल, याची त्यांना जास्त काळजी असते.

याच संस्थेची दुसरी एक नोंद नाशिककराला चकित करील. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या आवारात आणि पन्हाळ्यावर तिच्या उपकरणांनी रात्रीच्या आकाशाचे वेध घेतले आहेत. ते टिपतात तो प्रकाश ध्रुवीय नाही, पण त्याचा सख्खा भाऊ आहे: वायुदीप्ती. दिवसभर सूर्याच्या अतिनील किरणांनी फोडलेले ऑक्सिजनचे रेणू रात्री पुन्हा जुळतात आणि जुळताना अगदी त्याच दोन रंगांत चमकतात, जवळपास शंभर किलोमीटरवर हिरवा, अडीचशेच्या आसपास लाल. डोळ्याला तो दिसत नाही, इतका मंद असतो. पण तो रोज असतो. कोल्हापूरच्या प्रतिमांत त्या उजेडातून काळे पट्टे पूर्वेकडे सरकताना दिसतात. ते आयनांबरातले बुडबुडे; त्यांच्यामुळे उपग्रहांचे संदेश तुटतात आणि जीपीएस चुकते. नाशिक-पुणे रस्त्यावर नारायणगावच्या जवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जीएमआरटी दुर्बीण आहे. दूरच्या दीर्घिकांचे रेडिओ संदेश ऐकताना तिलाही याच थरातून ऐकावे लागते, त्यामुळे तिथल्या शास्त्रज्ञांना वरच्या हवेचा मूड सांभाळूनच काम करावे लागते.

म्हणजे ध्रुवीय प्रकाशाचा कच्चा माल महाराष्ट्राच्या आकाशात रोज हजर असतो. उणीव असते ती फक्त जोरदार इलेक्ट्रॉनांच्या वर्षावाची.

तो वर्षाव अलीकडे किती खाली येऊ शकतो, हे मे २०२४ मध्ये दिसले. १० मेच्या रात्री, सूर्यावरच्या ३६६४ क्रमांकाच्या डागसमूहातून एकामागोमाग निघालेले उद्रेक पृथ्वीवर आदळले. २००३ नंतर प्रथमच 'जी ५' दर्जाचे, म्हणजे सर्वोच्च पायरीचे वादळ झाले. लडाखमध्ये हानलेच्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी उत्तर क्षितिजावर गडद लाल झाक टिपली. तिथे तसाच लाल प्रकाश २०२३ मध्येही टिपला गेला होता. त्याच मे महिन्यात भारताचे आदित्य-एल १ यान सूर्याच्या दिशेने १५ लाख किलोमीटरवर पहारा देत होते. ६ जानेवारी २०२४ रोजी ते तिथे पोहोचले होते. त्यावरची सूट ही अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुकात घडवली गेली. कुलाब्याचा निरीक्षक वादळ आदळल्यावर वाचत होता. त्या बिंदूवरच्या यानांना ते वाटेत असतानाच दिसते, आणि पृथ्वीला पंधरा मिनिटांपासून तासाभरापर्यंतची मुदत मिळते.

मराठी वाचकाला ध्रुवाची ओळख करून देणारे सर्वांत गाजलेले पुस्तक मात्र शास्त्रज्ञाचे नाही. लोकमान्य टिळकांचा 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' हा इंग्रजी ग्रंथ १९०३ मध्ये आला. ऋग्वेदातल्या उषेच्या वर्णनांत त्यांना दिवसेंदिवस टिकणारी ध्रुवाकडची पहाट दिसली आणि तिच्या आधारे त्यांनी आर्यांचे मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ मांडले. पुरातत्त्वाने तो सिद्धांत स्वीकारला नाही. पण पुण्यात बसून, ध्रुवाजवळ पाय न ठेवता, तिथल्या क्षितिजाचा इतका बारीक विचार करणारा मराठी माणूस दुसरा नाही.

आता तिथे प्रत्यक्ष पाय ठेवलेली माणसे आहेत. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या नी-ओलेसुंड या गावात, ७९ अंश उत्तरेला, २००८ पासून भारताचे 'हिमाद्री' केंद्र आहे. त्याचा कारभार गोव्यातल्या वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय संस्थेकडून चालतो. बरीच वर्षे भारतीय शास्त्रज्ञ तिथे उन्हाळ्यातच जात. डिसेंबर २०२३ मध्ये पहिली हिवाळी मोहीम निघाली, आणि तिच्या पहिल्या तुकडीत पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचाही वाटा होता. ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तिथे सूर्य उगवत नाही. त्यामुळे एक विलक्षण सोय होते: दुपारी बारा वाजता ध्रुवीय प्रकाश बघता येतो, तोही दिवसाच्या बाजूचा, जो इतर बहुतेक ठिकाणी उजेडामुळे दिसत नाही.

उत्तरेकडच्या हिवाळ्यात, जिथे सूर्य उगवतो-मावळतो तिथे, दुसराही एक नजारा असतो. सूर्य मावळून अर्धा तास झाला, खालचे ढग काळे पडले, आणि तरीही वर शिंपल्याच्या आतल्या अस्तरासारखे, गुलाबी-हिरवे-मोतिया रंग झळकणारे ढग तरंगत राहतात. हे मोतिया ढग १५ ते २५ किलोमीटरवर, स्थितांबरात असतात. तिथे पाण्याची वाफ नावापुरतीच. तापमान शून्याखाली ८० अंशांच्या आसपास गेल्याशिवाय ते बनत नाहीत. नॉर्वे-स्वीडनच्या डोंगरांवरून उसळणाऱ्या वाऱ्याच्या लाटा ती थंडी पुरवतात. एवढे देखणे असूनही त्यांचे काम मात्र विध्वंसाचे. त्यांच्या कणांवर निरुपद्रवी संयुगांतला क्लोरीन मोकळा होतो आणि वसंतात सूर्य परतला की तोच क्लोरीन ओझोन खातो. अंटार्क्टिकावरच्या ओझोनच्या भगदाडाचा कारखाना म्हणजे हेच ढग.

रात्री चमकणारे ढग ही तिसरीच जात. समाजमाध्यमांवर हिवाळ्याच्या नावाने त्यांची निळसर-चंदेरी छायाचित्रे फिरतात, पण ते उन्हाळ्याचे पाहुणे आहेत. सुमारे ८० किलोमीटरवर, जिथे हवा उन्हाळ्यातच सर्वांत थंड होते, तिथे ते उमटतात. जावाजवळचा क्राकाटोआ ज्वालामुखी ऑगस्ट १८८३ मध्ये फुटला, त्याच्या धुळीने पुढच्या महिन्यात मद्रासच्या लोकांना हिरवा-निळा सूर्य दाखवला, आणि जगभरचे लोक संध्याकाळचे आकाश निरखू लागले. हे ढग १८८५ मध्ये नीट नोंदले गेले, ते बहुधा त्या वाढलेल्या नजरेमुळे.

ओळखीचा घोटाळा आजही होतो. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची रात्र. विदर्भ-खानदेशातल्या लोकांनी आकाशातून जळत जाणाऱ्या ठिपक्यांची रांग पाहिली. कोणी उल्कावर्षाव म्हणाले, कोणी विमान कोसळले म्हणाले. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले, तेव्हा ते परतीच्या वाटेवर जळालेल्या चिनी रॉकेटचे अवशेष असल्याचे बोलले जाऊ लागले. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०२३ मध्ये, अलास्कात हिरव्या ध्रुवीय प्रकाशाच्या मधोमध निळी भोवऱ्यासारखी आकृती फिरताना दिसली. ती होती अमेरिकी रॉकेटने सोडून दिलेल्या इंधनाच्या गोठलेल्या वाफेची. पूर्वी आकाशातला गोंधळ निसर्गाचा असायचा. आता त्यात माणसाचीही भर पडते.

पुढच्या पानांत हे सगळे क्रमाने येईल: आधी नाशिकच्या आकाशात खरोखर दिसणारे खळे, प्रतिसूर्य आणि रंगीत ढग, मग कुलाबा-अलिबागच्या वह्या, आणि शेवटी उत्तरेकडचा हिवाळा. छायाचित्रे पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अंधारात माणसाच्या डोळ्याला रंग नीट कळत नाहीत. कॅमेरा दहा-पंधरा सेकंद उजेड गोळा करतो, डोळा तसे करू शकत नाही. लाखो रुपये मोजून ट्रॉम्सोला गेलेल्या मराठी कुटुंबांना मंद प्रकाशाच्या रात्री पहिल्यांदा दिसते ती राखाडी धुराची पट्टी. हिरवा रंग मोबाइलच्या पडद्यावर उमटतो. प्रकाश जोरात आला की मात्र डोळ्यालाही रंग दिसतात, हलताना दिसतात, आणि मग मोबाइल हातातच राहतो.

ज्याला नाशिक जिल्ह्यातूनच नशीब आजमावायचे असेल, त्याच्यासाठी शहर कामाचे नाही. उत्तरेला सातमाळा डोंगररांग क्षितिजाचा तळ झाकते आणि तिच्याआधी दिंडोरीकडचे दिवे आहेत. जायचे तर बागलाणात, साल्हेरवर. हा राज्यातला सर्वांत उंच किल्ला, १५६७ मीटर. तिथून क्षितिज सुमारे १४० किलोमीटर मागे सरकते आणि उत्तरेला डांगच्या जंगलाचा अंधार पसरलेला असतो. 'जी ५' वादळाचा इशारा आला, चंद्र नसला आणि गडावर जाणे शक्य असले, तर ध्रुवतारा शोधावा. तो क्षितिजापासून साधारण २१ अंशांवर, म्हणजे खळ्याच्या त्रिज्येएवढ्याच उंचीवर असतो. त्याच्या खाली, क्षितिजापासून चार बोटांच्या आत बघत राहावे. तांबूस झाक दिसली तर आधी वणव्याचा धूर आहे का ते तपासावे, मग झाकेतून तारे आरपार दिसतात का ते पाहावे, दर पाच मिनिटांनी एक छायाचित्र घ्यावे. आणि खिशातल्या वहीत तारीख, तास, मिनिट, दिशा आणि रंग, त्याच क्रमाने लिहून ठेवावे.